सर अकबर हैदरी : मंदीच्या काळातील तिजोरीचा कारभारी

ज्या दुकानाची कीर्द रोजच्या रोज लिहिली जाते, ते दुकान वाईट दिवसांतही तग धरते, हा अनुभव धाराशिव, लातूर आणि बार्शीच्या पेठांस नवा नाही. राज्याच्या तिजोरीसही हाच न्याय लागू पडतो. परंतु राज्याच्या तिजोरीत पैसा भरणारे हात असंख्य आणि तो खर्चणारे हात थोडे असतात. म्हणून तेथे हिशेब चोख असणे एवढ्यानेच भागत नाही. तो कोणापुढे मांडला जातो, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो. या दोन्ही गोष्टींचा धडा एकाच पुरुषाच्या चरित्रात पाहावयाचा असेल, तर तो निजामाच्या राज्याचे अर्थमंत्री सर अकबर हैदरी यांच्या चरित्रात पाहावा. १९२१ पासून १९३७ पर्यंत हैदराबादची तिजोरी त्यांच्या हाती होती, आणि जगाने तोवर कधी न पाहिलेली व्यापारी मंदी याच मुदतीत येऊन गेली.

हे चरित्र समजण्यास थोडे मागे जाणे अवश्य आहे. सरकारी कर्ज म्हणजे काय, हे धाराशिवकरांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. कारण हा मुलूख एकदा खुद्द गहाण पडलेला आहे. हैदराबादच्या तैनाती पलटणींच्या खर्चाची बाकी तुंबत गेली आणि १८५३ च्या मे महिन्यात झालेल्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व पश्चिम सरहद्दीचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा लागला. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने नळदुर्गास राहून काही वर्षे येथला कारभार पाहिला. त्याच वर्षी दिवाणगिरीवर आलेल्या पहिल्या सालारजंगांनी मक्त्याने सारावसुली करण्याची जुनी रीत मोडली, सावकारांकडे व अरब जमादारांकडे अडकलेले महाल सोडविले आणि तिजोरी रुळावर आणली. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र गेले ते गेलेच. १९०२ मध्ये ते सालिना २५ लाख रुपयांच्या खंडावर इंग्रजांस कायमचे लावून देण्यात आले. कर्जाच्या पायी मुलूख जातो, ही धास्ती तेव्हापासून हैदराबादच्या प्रत्येक जाणत्या कारभाऱ्याच्या मनात घर करून राहिली. हैदरी त्याच परंपरेतले.

अकबर हैदरी यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८६९ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा समाजातील एका घराण्यात झाला. बद्रुद्दीन तय्यबजींच्या कुळाशी त्यांचे नाते होते. मुंबईस सेंट झेवियर कॉलेजात शिक्षण घेऊन १८८८ मध्ये, म्हणजे वयाच्या विशीच्याही आत, ते हिंदुस्थान सरकारच्या हिशेब खात्यात शिरले. या खात्याची नोकरी कीर्ती देणारी नव्हे. तेथे मनुष्याचे आयुष्य दुसऱ्यांनी केलेला खर्च तपासण्यात जाते. परंतु सरकारी पैसा कोठे पाझरतो, कोणते खाते मार्च महिना आला म्हणजे उरलेली रक्कम घाईघाईने उधळते आणि कोणते आकडे फुगवून मांडलेले असतात, याची जाण जितकी तेथे येते तितकी अन्यत्र येत नाही. सतरा वर्षांच्या या उमेदवारीनंतर १९०५ मध्ये निजाम सरकारने हैदरींस अकौंटंट जनरल म्हणून हैदराबादेस मागून घेतले.

हैदराबादेत त्यांनी प्रथम हिशेब, मग अर्थखात्याची चिटणिशी आणि १९११ पासून गृहखात्याची चिटणिशी सांभाळली. १९०८ च्या सप्टेंबरात मुसा नदीच्या महापुराने राजधानीचा मोठा भाग धुऊन नेला. त्या वेळी आपद्ग्रस्तांच्या मदतीस धावून गेलेल्यांत त्यांच्या पत्नी अमीना हैदरी अग्रभागी होत्या, व त्या सेवेबद्दल त्यांस कैसर-ई-हिंद पदक मिळाले. शिक्षण हा विषय गृहखात्याकडे असल्यामुळे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या पायाभरणीतही हैदरींचा हात मोठा होता. १९२० मध्ये ते काही काळ मुंबईच्या अकौंटंट जनरलच्या जागी गेले. पण लगेच पुढच्याच वर्षी निजाम सरकारने त्यांस अर्थ व रेल्वे खात्याचे मंत्री म्हणून परत बोलाविले. १९२८ मध्ये त्यांस सर हा किताब मिळाला. येथून त्यांच्या खऱ्या कर्तबगारीस आरंभ होतो.

हैदराबादचे राज्य नावाने निजामाचे असले तरी सार्वभौम सत्ता इंग्रजांची होती. त्यांच्या रेसिडेंटाच्या डोळ्यादेखत अंदाजपत्रक जुळवावयाचे, आणि कर्ज काढण्याची पाळी आली तर १८५३ ची आठवण ठेवावयाची, अशी ही कसरत होती. हैदरींनी १९२२ च्या सुमारास नवी व्यवस्था घातली. प्रत्येक खात्यास तीन वर्षांची नेमणूक एकदम ठरवून द्यावयाची; त्या रकमेत खात्याने आपला संसार करावयाचा; आणि एका वर्षी जे वाचेल ते बुडीत न धरता पुढच्या वर्षी त्याच खात्यास वापरू द्यावयाचे. व्यापाऱ्यास यातील मर्म सांगावयास नको. ज्या मुनिमास वर्षअखेर उरलेली रक्कम मालक काढून घेणार हे ठाऊक असते, तो ती रक्कम उरूच देत नाही. बचत करणाऱ्याच्या पदरात बचतीचे फळ पडू लागले म्हणजे काटकसरीचा हुकूम काढण्याची गरजच राहत नाही.

याच्या जोडीस त्यांनी राखीव निधींची उतरंड रचली. दुष्काळासाठी वेगळा निधी, कर्जफेडीसाठी वेगळा, कागदी चलनाच्या पाठीशी वेगळा, शिक्क्याचा भाव स्थिर ठेवण्यासाठी वेगळा, आणि उद्योगधंद्यांस भांडवल देण्यासाठी १९२९ मध्ये एक कोटीचा वेगळा. सुगीच्या वर्षात आलेला पैसा सुगीतच खाऊन टाकावयाचा नाही, हा शेतकऱ्याच्या पेवाचा नियम त्यांनी तिजोरीस लावला.

शिक्क्याचा प्रश्न आमच्या भागास फार निकडीचा होता. धाराशिवच्या पेठेत हाली शिक्का चाले, तर बार्शी-सोलापुरास कलदार. बार्शीस माल विकून घरी परतणाऱ्याच्या कमाईचा एक हिस्सा बट्ट्याच्या चढउतारात जाण्याचे भय असे. सात हाली रुपयांस सहा कलदार, हे प्रमाण टिकविण्यासाठी हैदरींनी निधी राखला, त्यामुळे सरहद्दीवरच्या व्यापाऱ्यास भाव ठरविताना पायाखाली घट्ट जमीन मिळाली. करोडगिरीच्या नाक्यांवरचा जाच मात्र तसाच राहिला, हेही नमूद केले पाहिजे.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात धरणीकंप झाला आणि त्याचे हादरे वर्ष उलटण्यापूर्वी आमच्या आडत दुकानांपर्यंत पोहोचले. कापूस, भुईमूग, करडई, ज्वारी, सर्वांचेच भाव कोसळले. तीन-चार वर्षांत हिंदुस्थानातील शेतमालाची किंमत सुमारे निम्म्यावर आली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या अर्थमंत्र्यांस, सर जॉर्ज शुस्टर यांस, १९३१ च्या सप्टेंबरात मधल्यामध्ये जादा अंदाजपत्रक मांडून करांवर शेकडा २५ चा अधिभार चढवावा लागला आणि नोकरांच्या पगारात शेकडा १० ची काट करावी लागली. तिकडच्या रेल्वेस सरकारी तिजोरीत भरावयाचा आपला हिस्साही देता येईना.

अशा वेळी हैदराबादच्या तिजोरीने मान टाकली नाही. येथे प्राप्तिकर मुळातच नव्हता. तो मंदीच्या भरात बसविण्यातही आला नाही. मागे साठविलेले निधी, तीन वर्षांच्या बांधीव नेमणुका आणि वेळीच आखडलेला हात यांच्या बळावर गाडा चालला. इतकेच नव्हे तर मंदीच्या तोंडावरच, १ एप्रिल १९३० रोजी, हैदरींनी लंडनच्या कंपनीकडून निजामाची रेल्वे राज्याच्या मालकीची करून घेतली. १८८० नंतरच्या दशकात झालेल्या कराराने या कंपनीस भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी मिळाली होती. म्हणजे गाडी रिकामी धावली तरी भागीदाराचा खिसा भरलेला राहावयाचा आणि तूट रयतेने सोसावयाची. ती अडचण एकदाची संपली. पुढे १९३२ च्या जूनमध्ये रेल्वेनेच २७ मोटारगाड्या घेऊन सडकेवरची वाहतूक सुरू केली. मोटार व रेल्वे या दोन सावत्र बहिणी एकमेकींचे उत्पन्न खात असताना दोघींस एका घरात नांदविण्याचा हा प्रयोग हिंदुस्थानात पहिल्याच काहींपैकी होता. मंजिरा नदीवरील निजामसागराचे १९२३ मध्ये सुरू झालेले कामही याच काळात, १९३१ मध्ये, पुरे झाले. गोलमेज परिषदेस लंडनला गेलेल्या हैदराबादच्या मंडळाचे पुढारीपण हैदरींकडे आले, त्याचे एक कारण असे की ज्याच्या राज्याचे अंदाजपत्रक शिलकी असते त्याच्या शब्दास वजन येते.

येथवरचे चित्र कोणासही अभिमान वाटावा असे आहे. परंतु खतावणीचे एकच पान पाहून दुकानाचा निर्णय करणारा व्यापारी शहाणा म्हणवत नाही. दुसरे पान उलटून पाहू.

राज्याच्या उत्पन्नाची मोठी बाब जमिनीचा सारा ही होती, आणि सारा रोख रुपयांत ठरलेला होता. समजा, एखाद्या कुळाचा सारा दहा रुपये आहे आणि चांगल्या भावाच्या वर्षी दोन पोती ज्वारी विकून तो फिटतो. भाव निम्म्यावर येताच त्याच दहा रुपयांसाठी त्यास चार पोती विकावी लागतील. कागदावर सारा वाढला नाही, पण धान्याच्या मापाने तो दुप्पट झाला. साऱ्यात काही सवलती देण्यात आल्या हे खरे. परंतु भाव ज्या वेगाने घसरले त्या वेगाने सूट धावली नाही. मग ही तफावत कोणी भरली? ती भरली शेतकऱ्याच्या बायकोच्या अंगावरील डागाने आणि सावकाराच्या वहीतील नव्या खात्याने. त्या वर्षांत हिंदुस्थानातून सोने परदेशी वाहत गेले, ते बहुतांशी अशाच घरांतून निघालेले होते. तिजोरी शिलकेत आणि रयत बाकीत, ही एकाच व्यवहाराची जमा व नावे होय. १९३७ मध्ये संस्थानी सरकारनेच शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाची चौकशी प्रसिद्ध केली आणि त्यापुढे सावकारीस व जमिनी परहस्ते जाण्यास आळा घालणारे कायदे आले. कायदे आले, पण मंदीत ज्यांची शेते गेली त्यांच्या दृष्टीने ते उशिराच आले.

धाराशिव जिल्ह्याची तक्रार याहूनही निराळी होती. राज्याने रेल्वे विकत घेतली, पण त्या रेल्वेचा एक रूळही या जिल्ह्यातून जात नव्हता. येथे धावत होती ती बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी. खाजगी कंपनीची ही गाडी १९११ मध्ये लातुरास पोहोचली, पण धाराशिव शहरास वळसा घालून. मंजिरा आमच्याच सीमेवरून वाहत जाते, परंतु तिच्या पाण्याचे कालवे शेकडो मैल खाली तेलंगणात फुटले. बालाघाटच्या माथ्यावरची आमची जमीन आभाळाकडे पाहत राहिली. उस्मानिया विद्यापीठावर खर्च झाला, पण तेथील शिक्षणाची भाषा उर्दू ठरली. राज्यात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या जवळपास, मराठी सुमारे चौथा हिस्सा, आणि उर्दू मातृभाषा असणारे दहांत एक. ज्या मराठी कुणब्याच्या साऱ्यावर ते विद्यापीठ उभे राहिले त्याच्या मुलास तेथे पाऊल टाकण्यासाठी आधी परकी भाषा आत्मसात करावी लागे. या उणिवेवरचा उपाय लोकांनी स्वतःच शोधला. १९२१ मध्ये या जिल्ह्यातील हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली, आणि पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ त्याच शाळेत शिक्षक होते.

या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच. हैदरींचे अंदाजपत्रक प्रतिवर्षी चोख तयार होई, पण त्यावर मत देण्याचा अधिकार प्रजेच्या प्रतिनिधींस नव्हता. १८९३ पासून एक कायदे कौन्सिल होते, परंतु तिजोरीच्या किल्ल्यांपर्यंत त्याचा हात पोहोचत नसे. शिवाय राज्याचा सुमारे चाळीस टक्के मुलूख जहागिरी, पायगा आणि निजामाच्या खाजगी सर्फेखास यांत वाटलेला होता. तेथील उत्पन्न या शिलकी अंदाजपत्रकात मोजलेच जात नसे, आणि तेथील रयतेच्या वाट्यास अंदाजपत्रकातील सोयीही क्वचितच येत. हैदरी हुशार होते, निःस्पृह होते, परिश्रमी होते. पण ते एका धन्याचे कारभारी होते. धन्याचा पैसा त्यांनी राखला. तो पैसा मुळात कोणाचा, हा प्रश्न विचारण्याची सोय त्या राज्यव्यवस्थेत नव्हती आणि ती सोय करून देण्याचे धैर्य त्यांनी दाखविले नाही.

ते धैर्य दाखविण्याची संधी त्यांस मिळाली होती. १९३७ मध्ये ते राज्याच्या मंत्रिमंडळाचे अध्यक्ष झाले. अर्थमंत्री असताना जे करणे त्यांच्या हाती नव्हते ते आता बरेचसे होते. शेजारच्या मुंबई इलाख्यात त्याच वर्षी लोकनियुक्त मंत्रिमंडळ अंदाजपत्रक मांडू लागले होते. बार्शीच्या बाजारात जाऊन आलेल्या धाराशिवच्या माणसास हा फरक डोळ्यांनी दिसत होता. परंतु १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली, सत्याग्रह झाला, तुरुंग भरले. आणि वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांस बाहेर काढण्यात आले. १९३९ मध्ये ज्या सुधारणा जाहीर झाल्या त्यांत प्रजेस जबाबदार असे मंत्रिमंडळ नव्हते. तीन वर्षांची नेमणूक देऊन खात्यांवर विश्वास टाकणाऱ्या या गृहस्थास रयतेवर तेवढा विश्वास टाकवला नाही, ही त्यांच्या कारकिर्दीतील मोठी खोट होय.

१९४१ मध्ये हैदराबाद सोडून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि थोड्याच महिन्यांत, १९४२ च्या जानेवारीत, त्यांचे निधन झाले. पुढील सहा वर्षांत त्यांनी जपलेल्या राज्याचे काय झाले, हे सर्वांस विदित आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. भरलेली तिजोरी त्यास वाचवू शकली नाही. कारण राज्य टिकते ते प्रजेच्या विश्वासावर, आणि त्या खात्यात शिल्लक नव्हती.

म्हणून हैदरींचे चरित्र टाकून द्यावे असे मात्र आमचे म्हणणे नाही. सुगीत साठवावे, मंदीत नव्या करांचा बोजा टाळावा, बचत करणाऱ्यास बचतीचे फळ द्यावे, परक्या कंपनीची हमी आपल्या माथ्यावर बाळगू नये, हे त्यांचे नियम आजही खरे आहेत. ऋण काढून सण साजरा करणाऱ्या कोणत्याही सरकारने ते गिरवावेत. पण त्यांच्या चरित्रात जे राहून गेले ते पुरे करण्याचे काम आता आपले आहे. धाराशिव जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० पासून महाराष्ट्रात आहे. लातूर १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला. नगरपालिका, जिल्हा परिषद, विधानसभा यांच्या अंदाजपत्रकांवर बोलण्याचा जो हक्क आमच्या आजोबा-पणजोबांस नव्हता, तो आम्हांस कायद्याने मिळालेला आहे. त्या हक्काचा उपयोग आम्ही किती करतो? लक्ष्मीपूजनास स्वतःची वही मनोभावे पुजणारा व्यापारी आपल्या गावच्या नगरपालिकेची वही वर्षातून एकदा तरी उघडून पाहतो काय? पाण्यासाठी किती नेमले, किती खर्चिले, किती उरले आणि उरलेले मार्चअखेर कोठे गेले, हे ग्रामसभेत उठून विचारणारे किती?

अर्थमंत्री हैदरींस प्रश्न विचारणारी सभा नव्हती, म्हणून त्यांच्या चोख हिशेबातही रयतेच्या घरची बाकी दिसली नाही. आज सभा आहे, प्रश्न विचारण्याची मुभा आहे. सभेतील खुर्च्या मात्र रिकाम्या राहू नयेत. मंदी पुन्हा येईल. ती कोणाचेही निमंत्रण पाहत नाही. त्या दिवशी तिजोरीचा भार कोणी सोसावयाचा, हे ठरविताना धाराशिवच्या कुणब्याचा व दुकानदाराचा आवाज त्या सभेत असला पाहिजे, आणि त्याची तयारी मंदी येण्यापूर्वीच्या वर्षात करावयाची असते, हे तर हैदरींनीच शिकविले आहे.